वेंडल क्रूगरची टोपी

ब्रॅमवेल गावात जोलीन पावलिकला तोंडावर सगळे ‘कोच’ म्हणत आणि पाठीमागे ‘दोन मिनिटं’. तिला ते नाव ठाऊक होतं. गावच्या आइस हॉकीच्या रिंकमधल्या कॅन्टीनमध्ये चिप्सच्या रांगेत एकदा एक चिमुरडी तिला बघून आईला म्हणाली, “दोन मिनिटं आली बघ,” आणि आई पोरीला दटावायचं सोडून भिंतीवरची दरांची पाटी वाचू लागली. जोलीनने आपल्या प्लेटमधली एक चिप पोरीला दिली आणि विचारलं, सहा वेळा दोन म्हणजे किती? पोरीने बोटं मोजून बारा सांगितलं. “मग बारा मिनिटं म्हण,” जोलीन म्हणाली. “अर्धवट नाव घेऊ नये माणसाचं.”

त्या बारा मिनिटांचं मूळ नव्या नियमात होतं. समोरच्या संघाने गोल केला आणि आपल्या गोलकीपरला धक्का मारून केला असं वाटलं, तर कोचने चॅलेंज करायचं, अशी सोय ज्युनियर लीगने यंदापासून केली होती. मग रेफरी टाइमकीपरच्या खिडकीशी जाऊन छोट्या पडद्यावर चित्रण बघणार. धक्का दिसला तर गोल रद्द. दिसला नाही, किंवा नीट कळलं नाही, तर गोल कायम, आणि वर चॅलेंज करणाऱ्या संघाचा एक गडी दोन मिनिटं बाहेर. त्याच सामन्यात दुसऱ्यांदा चुकलात तर चार मिनिटं. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमध्ये या कामाला डझनभर कॅमेरे असतात. ब्रॅमवेलच्या रिंकमध्ये एक होता, आणि त्या एकाच्या पुढे बॅनर लटकत होता.

बॅनर होता १९८७ सालचा. गर्द लाल कापड, वर पिवळ्या अक्षरात ‘प्रांतिक विजेते’ आणि खाली वीस नावं. छताच्या तुळईवरून दोन दोरांनी उत्तरेकडच्या गोलच्या जरा अलीकडे तो सोडलेला होता. ब्रॅमवेलच्या थ्रेशर्स संघाने त्यानंतर काही म्हणजे काही जिंकलं नव्हतं, त्यामुळे गावाचा जो काही अभिमान होता तो सगळा त्या कापडात शिवलेला होता. सगळ्यात वरचं नाव तेव्हाचा कप्तान वेंडल क्रूगरचं. तोच आता क्लबचा अध्यक्ष. शेवटून चौथं नाव जोलीनच्या थोरल्या भावाचं, मर्विनचं. तो आता रिंकची देखभाल बघायचा आणि दोन डावांच्या मधे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरवायचा.

लीगचा माणूस कॅमेऱ्याची जागा तपासायला आला तो सप्टेंबरात. नेमका त्याच आठवड्यात वेंडलच्या बायकोने बॅनर धुवायला घरी नेलेला होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. त्या माणसाने कॅमेऱ्यातून फोटो काढला, दोन्ही गोल स्वच्छ दिसताहेत असं लिहून शिक्का मारला आणि कॉफी पिऊन गेला. चार दिवसांनी बॅनर इस्त्री होऊन परत आला आणि मर्विनने नेहमीच्या जागी, नेहमीच्या गाठी मारून चढवला. कॅमेऱ्याला उत्तरेकडच्या गोलचा डावा खांब दिसेनासा झाला, हे लक्षात यायला ऑक्टोबर उजाडला. कॅमेरा हलवायचा तर लीगची नवी तपासणी हवी, आणि ती उन्हाळ्याशिवाय होणार नव्हती.

घरचा संघ पहिल्या आणि तिसऱ्या डावात उत्तरेचा गोल राखतो. पाहुण्यांच्या वाट्याला ते टोक फक्त दुसऱ्या डावात. म्हणजे थ्रेशर्सच्याच बॅनरचा ताप थ्रेशर्सनाच दुप्पट. लीगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. ब्रॅमवेलला उत्तरेच्या डाव्या खांबापाशी काहीही करा, कुणी बघत नाही. जोलीनने सहा वेळा चॅलेंज केलं. सहाही वेळा रेफरीने खिडकीत वाकून पडद्यावर लाल कापड बघितलं आणि खांदे उडवले. त्यातल्या दोन सामन्यांत त्या दोन मिनिटांतच गोल खाऊन संघ हरला. मग गावाने नाव ठेवलं आणि नाताळानंतरच्या बैठकीत क्लबने ठराव केला, की यापुढे कोचने अध्यक्षाला विचारल्याशिवाय चॅलेंज करायचं नाही. वेंडल बसायचा समोरच्या स्टँडमध्ये, सगळ्यात वरच्या ओळीत. हात हलवला तर चारचौघांत दिसेल, म्हणून खूण ठरली टोपीची. टोपी काढली तर चॅलेंज कर, डोक्यावर असली तर गप्प बस. राष्ट्रगीत सोडलं तर वेंडलने रिंकमध्ये टोपी काढलेली कुणी पाहिली नव्हती.

ठरावानंतरचा पहिलाच मोठा सामना जानेवारीत पेलिंग्टनशी झाला. पेलिंग्टनचा सत्तावीस नंबर, ब्रॉडी स्टॅन्स, सव्वासहा फुटी पोरगा. तो डाव्या खांबापाशी आला, गोलकीपर आयझॅक वीबेला खांद्याने बाजूला सारलं आणि मागून आलेला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आत गेला. जोलीनने वर बघितलं. टोपी जागच्या जागी होती. ती मूग गिळून उभी राहिली. नोकरी होती, ठराव होता, सातव्यांदा हसं व्हायची भीतीही होती. यातलं खरं कारण कोणतं हे तिने स्वतःलाही कधी सांगितलं नाही. आठ मिनिटांनी ब्रॉडी पुन्हा आला, या वेळी जास्त वेगात, कारण पहिल्यांदा काहीच झालं नव्हतं. आयझॅकचा मुखवटा लोखंडी खांबावर आपटला तो आवाज वरच्या ओळीपर्यंत गेला असणार.

अठरा वर्षांचं पोर. ड्रेसिंग रूममध्ये बादलीत ओकलं आणि आज वार कोणता, असं तीनदा विचारलं. त्याचे आईवडील पाचशे किलोमीटरवर, तो गावातल्या एका कुटुंबात राहायचा. तिथल्या तळघरातल्या खोलीत पडदे ओढून तीन आठवडे पडून होता. जोलीन रोज जायची. एकदा त्याने डोळे मिटल्यामिटल्या विचारलं, “कोच, पहिल्या वेळी तुम्ही बघितलं होतं ना?”

“बघितलं होतं.”

त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला त्यानंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

फेब्रुवारीच्या बैठकीत तिने बॅनर हलवायची मागणी केली. पूर्वेची भिंत रिकामी आहे, तिथे लावा. बैठक कॅन्टीनमध्येच होती, बटाटे तळायच्या कढया थंड झालेल्या, सगळ्यांच्या पुढ्यात कागदी कप. वेंडल वाईट माणूस नव्हता, हे तिलाही मान्य होतं. रिंकचं बर्फ गोठवायचं यंत्र बंद पडलं त्या साली हा माणूस आपली कापणी अर्धी टाकून आठ दिवस यंत्राखाली झोपला होता. पण बॅनरचं नाव काढलं की त्याचा चेहरा दगड व्हायचा. तो म्हणाला, नियम काल आला, बॅनर अडतीस वर्षं आहे. उद्या लीग म्हणेल छत काढा, छत काढायचं का? त्या विसांतले तिघं आता नाहीत, त्यांच्या बायका दर सामन्याला येऊन आधी वर बघतात, मग बसतात. जोलीन म्हणाली की तिघांच्या बायका पूर्वेच्या भिंतीकडेही बघू शकतात, मानेला तेवढाच व्यायाम. कुणी हसलं नाही. मागणी नामंजूर झाली.

मार्चात उपांत्य फेरीत गाठ पुन्हा पेलिंग्टनशीच पडली. तीन सामने त्यांनी जिंकले, तीन यांनी, आणि सातवा रविवारी दुपारी दोन वाजता ब्रॅमवेलला. गावात त्या दुपारी बँकेच्या पायरीवर मांजरसुद्धा नसावं. आठशे माणसांच्या स्टँडमध्ये अकराशे बसली होती. पेलिंग्टनचा कोच गार्थ लोवेन सामन्याआधी हस्तांदोलनाला आला तेव्हा वर बॅनरकडे बघून म्हणाला, “छान धुतलाय.” जोलीनने त्याचा हात गरजेपेक्षा जरा जास्त दाबला.

पहिल्या डावाच्या अकराव्या मिनिटाला ब्रॉडी डाव्या खांबापाशी आला, ढुंगणाने आयझॅकला मागे रेटलं आणि पक त्याच्या पायांतून आत गेला. जोलीनने वर बघितलं. टोपी डोक्यावर. तिने आयझॅककडे बघितलं. तो उठून मुखवटा नीट करत होता आणि बेंचकडे बघत नव्हता. तो मुद्दामच बघत नव्हता, हे तिच्या काळजाला लागलं. तिने शिट्टी फुंकावी तसा दोन बोटं तोंडात घालून आवाज काढला आणि रेफरीला सांगितलं, चॅलेंज.

स्टँडमधून जो हुंकार आला तो सहा महिन्यांचा साठलेला होता. कुणीतरी ‘दोन मिनिटं’ म्हणून ताल धरला. रेफरी खिडकीकडे गेला, तशी जोलीनही दार उघडून बर्फावरून बुटांनीच त्याच्यामागे निघाली. असं कोच करत नाहीत. आजवर तिनेही केलं नव्हतं. रेफरी पडद्यावरून डोळे काढून म्हणाला, “कोच, मला कापड दिसतंय. माझ्या डोळ्यांनी मला वाटतं तुम्ही बरोबर असाल. पण नियम आहे, दिसलं नाही तर गोल कायम.” आणि तेव्हाच तिला टाइमकीपरच्या मागे काचेला चिकटवलेला लीगचा शिक्क्याचा कागद दिसला. त्यावर सप्टेंबरातला फोटो होता. दोन्ही गोल, चारही खांब, स्वच्छ. मधे काहीच नाही. कागदाखाली लिहिलं होतं, सामन्याच्या वेळी दृश्य या फोटोप्रमाणे असावं.

दोन मिनिटं पाचांऐवजी चौघांनी जीव तोडून राखली. गोल झाला नाही. डाव संपला तेव्हा पेलिंग्टन एकने पुढे होतं.

पहिल्या सुट्टीत जोलीन थेट वरच्या ओळीत गेली. तिने कागदातलं वाक्य वेंडलला जसंच्या तसं सांगितलं. वेंडलने समोर बघतच ऐकलं. म्हणाला, हंगाम संपू दे, मग बघू. ती म्हणाली, हंगाम आज संपू शकतो. त्यावर तो म्हणाला, की ठराव तिने अकराशे लोकांच्या देखत मोडला आहे, त्याबद्दल मंगळवारी बैठकीत बोलू, आता खाली जा आणि पोरांना सांभाळ. शेजारी एका बाईने हातातलं विणकाम थांबवलं होतं. ती त्या तिघांतल्या एकाची विधवा होती, हे जोलीनला जिना उतरताना आठवलं.

दुसऱ्या डावात थ्रेशर्सनी दोन गोल केले, पेलिंग्टनने एक. दोन-दोन. आता तिसरा डाव, आणि आयझॅक पुन्हा बॅनरखाली.

पोरं ड्रेसिंग रूममध्ये गेली आणि जोलीन गेली गाडीच्या फाटकापाशी. मर्विन इंजिन चालू करून पाठीमागे टाकीत गरम पाणी भरत होता.

“बॅनर उतरव,” ती म्हणाली.

मर्विनने तिच्याकडे बघितलं आणि मग पाण्याकडे. “वेंडलने सांगितलंय?”

“मी सांगतेय.”

“जो, अगं वेड लागलंय का तुला? माझं नाव आहे त्याच्यावर.”

“माहितीय. शेवटून चौथं. लहानपणी मला रोज वाचून दाखवायचास. मर्विन, त्या पोराला तीन आठवडे उजेड सहन होत नव्हता. मी तेव्हा वरच्या टोपीकडे बघत बसले. आज मी नाही बसणार.”

मर्विनने नळ बंद केला. मग म्हणाला, “मी त्या दोराला हात लावणार नाही. मला ते होणार नाही.” आणि गाडीवर चढता चढता, तिच्याकडे न बघता, म्हणाला, “डावी गाठ आधी सोड. उजवी आधी सोडलीस तर अडकतो.”

दोर भिंतीवरच्या लोखंडी खुंट्यांना बांधलेले होते. जोलीन शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली. गाठ अडतीस वर्षांच्या सवयीने मारलेली, पक्की. तिने हातमोजा दातांनी काढला. डावा दोर सुटला तसा बॅनर एका बाजूने झुकला आणि अकराशे माणसं एकदम गप्प झाली. मग उजवा. लाल कापड छतावरून सरसर खाली आलं आणि बर्फावर घडी पडल्यासारखं बसलं. मर्विनने गाडी त्याच्यापासून चांगली दहा फूट लांब थांबवली, उतरला, आणि दुसऱ्या कुणी पुढे यायच्या आत त्याने कापड उचलून खांद्यावर घेतलं. भिजू दिलं नाही.

ओरडा मग सुरू झाला. वेंडल जिना उतरून आला तोवर गार्थ लोवेनही रेफरीला घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, सामना चालू असताना रिंकमध्ये बदल करता येत नाही. जोलीनने रेफरीला कागद वाचायला सांगितलं. रेफरीने वाचला. फोटो बघितला, वर बघितलं, पुन्हा फोटो बघितला. म्हणाला, बदल सप्टेंबरनंतर झाला होता, आता तो नाहीसा झालाय, माझी काही हरकत नाही. गार्थ हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर फार वेळ टिकलं नाही.

वेंडल ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, “मंगळवारनंतर तू या संघाची कोच नाहीस.”

“आज रविवार आहे,” जोलीन म्हणाली आणि ड्रेसिंग रूमकडे गेली.

पोरांना तिने एवढंच सांगितलं की उत्तरेचा डावा खांब आता दिसतो. कुणी विचारलं नाही कसा. आयझॅक बुटांच्या नाड्या बांधत होता, त्याचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

तिसऱ्या डावाच्या पहिल्याच मिनिटाला ब्रॉडी स्टॅन्स कोपऱ्यातून वेगाने डाव्या खांबाकडे निघाला. खांदा खाली घातलेला, जानेवारीसारखाच. जोलीनने बेंचचा कठडा घट्ट धरला. ब्रॉडीने अर्ध्या वाटेत मान वर केली. जिथे कापड असायचं तिथे काही नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेतून कॅमेऱ्याचा छोटा दिवा सरळ त्याच्याकडे बघत होता. त्याने पाय आडवे घातले. बर्फाचा भुगा आयझॅकच्या पायांवर उडाला आणि ब्रॉडी गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळाबाहेर थांबला. आयझॅकने या वेळी बेंचकडे बघितलं. जोलीनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याची लाज वाटली नाही. नोकरी देऊन हे घेतलं तरी फुकटात मिळालं, असं तिला त्या घडीला वाटलं.

पुढची सोळा मिनिटं ब्रॉडी, किंवा दुसरं कुणी, त्या पोराला साधं चाटूनही गेलं नाही. हॉकी झाली, नुसती हॉकी. आयझॅकने चौदा पक अडवले. विणकाम करणारी बाई उभी राहून बघत होती.

तीन मिनिटं दहा सेकंद राहिले असताना पेलिंग्टनच्या एकाने लांबून फटका मारला. गोलपुढे सात-आठ पोरांची गर्दी, त्यात ब्रॉडीची उंच पाठ. आयझॅक अचानक मागच्या मागे पडला आणि पक त्याच्या खांद्यावरून आत गेला. तीन-दोन.

जोलीनला नीट दिसलं नव्हतं. मधे तिचाच एक खेळाडू होता. पण स्टँडला सगळं दिसलं होतं, किंवा तसं वाटलं होतं. चॅलेंज, चॅलेंज, असा एकच गजर झाला. ज्या तोंडांनी हंगामभर ‘दोन मिनिटं’ म्हटलं तीच ही तोंडं. तिने सवयीने वर बघितलं. वेंडल क्रूगर उभा होता. त्याच्या हातात टोपी होती आणि तो ती डोक्यावरून गरागरा फिरवत होता. त्याचं टक्कल तिने आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

रेफरी बेंचपाशी आला आणि अर्ध्या मिनिटात सांगा म्हणाला. जोलीनने आयझॅकला हात केला. तो गोल सोडून सरकत बेंचपाशी आला.

“धक्का लागला का रे?”

त्याने मुखवटा वर केला. घामाने केस कपाळाला चिकटले होते. “नाही, कोच. कुणी शिवलंसुद्धा नाही. मला पक दिसला होता, माझा पाय निसटला. तो अडवायचं काम माझंच होतं.”

कप्तान बेंचवरून वाकून म्हणाला, “लागला म्हण ना, आयझॅक. कोच, करून तर बघा. मि. क्रूगरनी टोपी काढलीय. हरायचंच असेल तर तसं हरू.”

आयझॅकने त्याच्याकडे बघितलं. “तिथे आता दिसतं सगळं,” तो म्हणाला. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. उलट जरा मजाच होती.

जोलीनने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, वरून सगळ्यांना दिसेल असे. रेफरीला म्हणाली, “चॅलेंज नाही. गोल चांगला आहे. खेळ सुरू करा.”

तिला शिव्या मिळाल्या. कॉफीचा एक कप बेंचच्या मागच्या काचेवर येऊन फुटला. शेवटच्या मिनिटाला तिने आयझॅकला बाहेर काढून सहावा गडी आत घातला आणि पोरांनी काय वाट्टेल ते केलं. एक फटका खांबाला लागून टणकन बाहेर आला. मग भोंगा झाला आणि हंगाम संपला.

दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवतात, तसे मिळवले. ब्रॉडी आयझॅकपाशी थांबला आणि काहीतरी बोलला, आयझॅकने मान हलवली. गार्थ लोवेनने जोलीनला विचारलं, की तू चॅलेंज का केलं नाहीस, मला तर बेंचवरून लागलाच असं वाटलं होतं, मी देवाचं नाव घेत होतो.

“लागला नव्हता.”

“तुला कुठून दिसलं?”

“मला नाही दिसलं. ज्याला लागायचा त्याला विचारलं.”

गार्थने तिचा हात या वेळी व्यवस्थित धरला. “जानेवारीतला लागला होता,” तो म्हणाला आणि पुढे सरकला.

स्टँड रिकामा व्हायला वेळ लागला नाही. हरल्यावर गाव लवकर घरी जातं. मर्विनने बॅनर झटकून गुंडाळला होता आणि कॅन्टीनच्या दारापाशी भिंतीला टेकवून ठेवला होता. जोलीन पाण्याच्या बाटल्या गोळा करत होती. मागून पावलं वाजली. वेंडल होता. टोपी अजून त्याच्या मुठीत चुरगळलेली होती.

“मी टोपी काढली होती,” तो म्हणाला.

“दिसली.”

“अख्ख्या रिंकला दिसली. तीन महिने माझ्या डोक्याकडे बघत होतीस. आज काढली तर खिशात हात घालून उभी राहिलीस. का?”

जोलीनने हातातली बाटली पेटीत ठेवली. “ती जानेवारीत काढायची होती, वेंडल.”

त्याने मुठीतली टोपी उलटी करून आत बघितलं.

“मंगळवारी मी येते,” ती पुढे म्हणाली. “काढायचं तर काढा मला. फक्त ठरावात खरं कारण लिहा. हरलो म्हणून काढली असं नको. कोचने बॅनर उतरवला, आणि पुन्हा संधी दिली तर पुन्हा उतरवेल असं म्हणाली, असं लिहा. मी सही करीन.”

तेवढ्यात आयझॅक खांद्यावर बॅग घेऊन बाहेर आला, केस ओले, तोंडात सँडविच. वेंडलला बघून थांबला आणि घास गिळून म्हणाला, “मिस्टर क्रूगर, तिसरा गोल माझी चूक होती. कोचची नाही.”

वेंडलने त्याच्याकडे बघितलं. असं, की जणू पोराला इतक्या जवळून आजच बघतोय. “डोकं,” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला सापडेना.

“बरं आहे आता,” आयझॅक म्हणाला. “आज तर काही झालंच नाही.”

तो गेला. मर्विनने गाडी बंद करून फाटक लावलं आणि खाकरून विचारलं, “उद्या सकाळी कुठे चढवू हा? जुन्याच जागी?”

वेंडल गुंडाळलेल्या कापडाकडे बघत उभा राहिला. मग त्याने पूर्वेच्या भिंतीकडे, रिकाम्या, पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं, आणि आणखी काही न बोलता बाहेरचं दार ढकलून आपल्या गाडीकडे चालू लागला. बाहेर उणे सव्वीस होतं आणि टोपी त्याच्या हातातच होती.